गंगारामकडे आहे

"काढून घ्या ती फाइल त्याच्याकडून," सुर्वेसाहेब दारातूनच म्हणाले, आणि आत मुंबईचा फोन वाजला म्हणून वळले. आवाज चढलेला नव्हता. रांगत्या पोराच्या हातातली कात्री काढून घ्या म्हणावं, तसा साधा, घरगुती आवाज. सत्यवतीने मान हलवली, आणि मान हलवून झाल्यावर तिला उमगलं, कोणाकडून. त्याच्याकडून म्हणजे गंगाराम डोर्लेकरकडून. गंगाराम आश्विनात भावाच्या होडीवर गेला होता. होडी परत आली, भाऊ परत आला, खलाशी आले, तो आला नव्हता. आता बाहेर कलमांना मोहोर धरला होता आणि थिबा राजवाड्याच्या रस्त्याकडून फवारणीचा कडू वास खिडकीच्या फटीतून आत येत होता. मधल्या एवढ्या दिवसांत ऑफिसात त्याचं नाव निघालं की सगळे आवाज खाली आणत, खुर्चीकडे बघत नसत. आणि आज साहेबांनी, तो त्याच खुर्चीत मान खाली घालून बसला असल्यासारखं, काढून घ्या म्हटलं होतं. साहेबांचा तरी काय दोष? मुंबईचा माणूस रोज फोनवर ओरडत होता. तिने फाइल मागितली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: ही फाइल गंगारामकडे आहे.

अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. यंत्राला देवनागरी येत नव्हती आणि सत्यवतीला इंग्रजीतून दटावून घेणं आवडत नव्हतं. हे वाक्य तिचंच. सुर्वेसाहेब मूळचे राजापूरचे, मुंबईला कंटाळून परत आलेले. रत्नागिरीत लोकांनी कॉम्प्युटर बघायला तिकीट काढलं असतं अशा काळात, सत्याऐंशी साली, त्यांनी एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर मोठं यंत्र बसवलं, त्याला चार पडदे जोडले, आणि मुंबईच्या एका माल-वाहतूक कंपनीसाठी प्रोग्राम लिहायला चौघांना घेतलं. चौघं एकाच प्रोग्रामवर बसत. एकाने सकाळी केलेली दुरुस्ती दुसरा दुपारी न कळत पुसून टाकी, आणि संध्याकाळी दोघं एकमेकांकडे सासू-सुनेसारखे बघत. म्हणून चौघांतल्या सत्यवतीने कोठी नावाचा प्रोग्राम लिहिला. जुन्या प्रती राखायची एक व्यवस्था यंत्राबरोबर आलेली होती, पण तिच्या आज्ञा लांबलचक आणि तिरसट; एक अक्षर चुकलं की अंगावर येत. त्या आज्ञा माणसाने न देता प्रोग्रामने द्याव्यात, माणसाने फक्त 'काढ' आणि 'ठेव' म्हणावं, अशी तजवीज तिने केली. फाइल कोठीतून काढायची, दुरुस्त करायची, परत ठेवायची. ठेवली की जुनी प्रत खाली राहायची, नवी वर चढायची, कुठलीच कधी हरवायची नाही. आणि एकाने काढलेली असली की तो परत ठेवीपर्यंत दुसऱ्या कोणालाही ती बदलता यायची नाही. मूळ व्यवस्था याला कुलूप म्हणत होती. सत्यवतीला कुलूप हा शब्द त्या जागी बघवेना. माणसामाणसांत कुलूप कशाला? तिने लिहिलं, अमक्याकडे आहे.

हे तिने कुठून आणलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. सावर्ड्याला त्यांच्या वाडीची सामायिक भांडी होती, लग्नाकार्याचे टोप, कढई, मोठाले झारे. ती कधी एका घरी, कधी दुसऱ्या. कोणी मागायला आलं की आई पडवीतूनच सांगायची, राहीकडे आहेत, आणि मागणारा मुकाट्याने राहीकडे जायचा. कुलूप नव्हतं, पावती नव्हती. ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे आहेत, त्याचं कार्य होईपर्यंत. एकदा भांडी राहीकडे असताना राहीचा सासरा गेला आणि भांडी सुतकात अडकली. खालच्या अंगाला एका घरी लग्न होतं. कोणी भांडी आणायला गेलं नाही, कोणी आणा असं म्हणालंही नाही. चिपळुणातून भाड्याची पातेली आली आणि भात त्यांत शिजला. तेरावं झाल्यावर राहीने चिंच आणि राख लावून भांडी घासली, अंगणात पालथी घातली, आणि मग ती सुटली. लहान सत्यवती त्या पालथ्या टोपांवर बोटांनी टकटक करत फिरली होती. सुतक फिटतं म्हणून भांडी सुटतात. पण गंगारामचं सुतक घरच्यांनी धरलंच नव्हतं, आणि न धरलेलं सुतक फिटणार कसं? कोठी लिहिताना तिने सगळ्याचा विचार केला होता, वीज जाईल, दोघं एकदम मागतील, कोणी वेंधळेपणाने जुनी प्रत वर चढवील. काढून नेणारा परतच आला नाही तर, हे काही तिच्या मनात आलं नाही. कोणाच्या येतं?

गंगाराम मिऱ्याचा. घरची होडी, घरात बुकं शिकलेला पहिलाच. पहिल्या दिवशी डब्याच्या वेळी तिला बांगड्याचा काटा घशात रुतला आणि ती डोळ्यांत पाणी आणून खोकायला लागली, तेव्हा त्याने भाताचा कोरडा घास पुढे केला आणि म्हणाला, "नाव आमच्या जातीतलं आणि बाईंना काटा काढता येत नाय." महाभारतातली सत्यवती कोळ्याची पोर, हे तिलाही ठाऊक होतं, सावर्ड्याच्या शेतकऱ्याच्या घरात ते नाव कुठल्या वाटेने शिरलं ते मात्र बापालाही सांगता आलं नसतं, आणि बाप तर मुंबईत गिरणीत. मग रोजची चेष्टा सुरू झाली. तो दोन बोटांनी टाइप करायचा, जोरात, खिळे ठोकावे तसा, आणि ओठांतल्या ओठांत प्रोग्रामशी बोलायचा. भाराची फाइल त्याची. जहाजाच्या पोटात कुठली पेटी कुठे ठेवायची म्हणजे ते एका अंगाला कलणार नाही, हे ती फाइल ठरवायची. त्याचं म्हणणं, समुद्र खवळला की पेट्या जागेवर राहत नाहीत, हे प्रोग्रामला कळलंच पाहिजे. मुंबईवाल्यांनी मागितलं नव्हतं, साहेब नको म्हणत होते, तरी त्याने ते घ्यायचं ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी निघताना ती म्हणाली, फाइल ठेवून जा, शनिवारी मला लागली तर? तो चप्पल पायात सरकवत म्हणाला, "अर्धवट कशी ठेवू? सोमवारी ठेवतो. तोवर राहू दे माझ्याकडे." भावाचा एक खलाशी तापाने पडला होता म्हणून तो दोन दिवस होडीवर जाणार होता, त्यात काही विशेष नव्हतं, दरसाल जायचा. तो तिला आवडायचा. हे आता म्हणायला हरकत नाही, कारण आता त्याचा कोणाला उपद्रव नाही आणि उपयोगही नाही. यंत्रातल्या त्याच्या खणात ते अर्धवट काम तसंच पडलेलं होतं. तिने एकदा उघडून पाहिलं होतं. पुष्कळ ओळी बदललेल्या, आणि शेवटची ओळ मधेच थांबलेली, कोणी हाक मारल्यावर माणूस उठून जातो तशी. तिने ते बंद केलं आणि बाहेर नळाशी जाऊन उगाच हात धुतले.

आणि सोनूबाई, त्याची आई. दिवाळी सरल्यावर एका दुपारी ती गंगारामची छत्री आणि डबा न्यायला आली, बाजारात मासळी विकून, रिकामी टोपली कमरेला लावून. नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली, अंगाला मिठाचा, मासळीचा वास. यंत्राच्या गार खोलीत शिरताना सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या असा साहेबांचा दंडक. तिच्या पायांत काढायला चपला नव्हत्या, म्हणून तिने पदराने तळवे पुसले आणि मग उंबरा ओलांडला. "हयच बसायचा काय गो तो?" तिने विचारलं. सत्यवतीने खुर्ची दाखवली. काय करायचा, म्हणून तिने विचारलं, आणि सत्यवतीला ते सांगता येईना. मग तिने दाखवावं म्हणून बटणं दाबली आणि भाराची फाइल मागितली, आणि ते वाक्य आलं. "ह्या काय लिवलंय?" सोनूबाईने विचारलं. सत्यवतीने वाचलं. ही फाइल गंगारामकडे आहे.

"अजून?"

"हो."

"यंत्र लबाड बोलत नाय ना गो, बाय?"

"नाही," सत्यवती म्हणाली. ते खरंच होतं. यंत्राला काही कळतच नाही, म्हणून ते लबाड बोलत नाही, हे पुढचं वाक्य तिने आतच ठेवलं. सोनूबाई पडद्याकडे बघत राहिली. छत्री आणि डबा तिने नेलाच नाही. त्याला लागंल, म्हणाली.

तेव्हापासून ती येऊ लागली. रोज नाही, बाजार लवकर उरकला की. सुर्वेसाहेबांनी आधी नाक मुरडलं, खोलीत वास राहतो म्हणाले, मग एकदा केळीच्या पानात बांधलेली पापलेटं घरी पोचल्यावर मुरडेनासे झाले. सोनूबाई यायची, तळवे पुसायची, पडद्यापुढे उभी राहायची. सत्यवती फाइल मागायची, वाक्य यायचं. सोनूबाईला वाचता येत नव्हतं, मराठी नाही की इंग्रजी नाही, पण तिने मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर ओळखून ठेवलं होतं. वाकडं, आत वळलेलं इंग्रजी जी. ती काचेला बोट न लावता लांबूनच दाखवायची. "ह्यो गळ. ह्यो माज्या गंग्याचा." मग तोंडावर कसलाही भाव न आणता, "हाय त्याच्याकडं," असं स्वतःशीच म्हणून टोपली उचलायची. एकदा सत्यवतीने धीर करून म्हटलं, "सोनूबाय, हे त्याने आधी काढलेलं होतं, तेव्हापासूनचं आहे." सोनूबाई म्हणाली, "व्हय. त्याच्याकडंच हाय." वाद घालायचा तर कशावर घालणार? दोघी एकच गोष्ट म्हणत होत्या.

नंतर शिवा आला, गंगारामचा थोरला भाऊ. तो आत आला नाही, गेटापाशी उभा राहून त्याने तिला बोलावणं धाडलं. रापलेला, खांद्यांनी रुंद, आणि नजर सारखी तिच्या पायांशी. "बाय, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा आयेला. भटजी म्हणतो, मयत गावली नाय तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात. गावकी पण तेच म्हणते. आये म्हणते, यंत्रात त्याचं नाव हाय, तुमी कोण मारणारे त्याला?" रस्त्याने एसटी गेली, तिची धूळ त्याने तोंडावरून पुसली. "माज्या हातचं पाणी पीत नाय ती. होडी माजी, मी आलो नि तो नाय. बरोबर हाय तिचं. पन ती रडली नाय अजून, बाय. एकदा पण नाय रडली. असं मानूस टिकत नाय." सत्यवतीने सांगते म्हटलं. मनापासून म्हटलं. पुढच्या खेपेला सोनूबाई आली, तळवे पुसले, उभी राहिली, आणि सत्यवती मूग गिळून बटणं दाबत राहिली. तिच्या पुढच्या खेपेलाही तेच. तिला स्वतःचा राग येत होता, पण राग येऊन जीभ हलत नाही. मनाच्या कोपऱ्यात एक लबाड आशाही होती की सोनूबाई आपणहूनच यायची बंद होईल, सुंठीवाचून खोकला जाईल.

आणि आता साहेब म्हणत होते काढून घ्या. मुंबईला भाराच्या फाइलीत चूक निघाली होती, ती याच आठवड्यात दुरुस्त झाली नाही तर ते काम दुसऱ्या कोणाला देणार होते, आणि मग हा बंगला, हे यंत्र, या चार खुर्च्या, म्हणजे आता तीन, कशालाच अर्थ नव्हता. फाइल दुसऱ्याच्या हातातून काढता येते हे सत्यवतीला ठाऊक होतं. मूळ व्यवस्थेत तशी एक आज्ञा होती, जाड पुस्तकाच्या मागच्या पानांत. टाइप करायला सोपी. तिने तीनचतुर्थांश टाइप केली आणि बोटं थांबली. गंगाराम हे नाव टाइप करून त्याच्यापुढे ती आज्ञा द्यायची, हे तिला करवेना. मग प्रोग्राम लिहिणारा माणूस जे करतो तेच तिने केलं. जे हाताने करवत नाही ते प्रोग्रामकडून करवावं. तिने कोठीत नवं कलम घातलं: सगळ्या फाइली एकेक करून बघ, जी कोणाकडे आहे तिचा धनी शेवटी कधी यंत्रावर बसला ते बघ, फार दिवस बसलेला नसेल तर त्याच्याकडून काढून कोठीत ठेव. कोणाचं नाव नाही, कोणावर रोख नाही. सरकारी नियमासारखं, सगळ्यांना सारखं. लिहिताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर बरं वाटेनासं झालं. एका माणसासाठी सगळ्या गावाला लागू होईल असा कायदा करायचा, आणि म्हणायचं, आम्ही काही केलं नाही हो, कायदाच तसा आहे. हे तिने मामलेदार कचेरीत पाहिलं होतं. तेव्हा ती चिडली होती.

तिने कलम चालवलं. फाइलीमागून फाइली गेल्या, पडदा भराभर वर सरकला, आणि एका जागी सगळं थांबलं. यंत्राने विचारलं, ही फाइल दुसऱ्याची आहे, का काढून घेता ते लिहा. तुमचं कारण त्याला टपालाने कळवलं जाईल. त्याला म्हणजे त्याच्या यंत्रातल्या पेटीत. पुढच्या वेळी तो बसला की त्याला पहिल्यांदा हेच वाचायला मिळेल. पुस्तकात हे कुठेतरी होतं, तिने वाचलंही असेल, पण ते असं समोर येऊन उभं राहील असं वाटलं नव्हतं. कारण. पलीकडच्या खोलीतून साहेबांचा आवाज येत होता, हो हो, आजच, संध्याकाळपर्यंत नक्की. तिने लिहिलं, काम अडलं आहे. पुसलं. गैरहजर, असं लिहिलं. ते हजेरीच्या मस्टरवर लिहितात तसं दिसायला लागलं, जणू तो उगाच दांडी मारून बसला होता. तेही पुसलं. खरं कारण एकच होतं आणि ते त्यालाच कळवायचं, हे म्हणजे काय? तुला सांगायला वाईट वाटतं, की तू. शेवटी तिने लिहिलं, सोमवार होऊन गेला. आणि खाली, मजकूर संपल्याची खूण म्हणून, रीतीप्रमाणे एकटा पूर्णविराम दिला. यंत्राने ते घेतलं, टपाल गेलं, आणि क्षणभरही न थांबता पुढच्या फाइली सरकू लागल्या.

मग ती भाराच्या फाइलीकडे वळली, काढ म्हटलं, आणि फाइल तिला मिळाली. त्याने घातलेल्या नव्या ओळी हिच्यात नव्हत्या. त्या त्याच्या खणात, त्याच्याजवळ. ही जुनीच, समुद्र शांत असतो असं धरून चालणारी. मुंबईने सांगितलेली चूक किरकोळ निघाली. चहा गार होईपर्यंत ती सापडली आणि दुरुस्त झाली. एवढ्याशा चुकीसाठी. फाइल लगेच परत ठेवावी, पण साहेबांनी सांगितलं होतं की मुंबईवाले तपासून होय म्हणेपर्यंत हातचीच असू दे, म्हणून तिने ठेवली नाही. खात्रीसाठी शेजारच्या पडद्यावरून, दुसऱ्याच्या नावाने, पुन्हा मागून बघितली. ही फाइल सत्यवतीकडे आहे. तिने ते वाचलं आणि तिला आपल्याच घराच्या दारावर आपल्या नावाची पाटी पहिल्यांदा बघावी तसं ओशाळल्यासारखं झालं.

आज बाजार होता. सोनूबाई येणार. तिच्या मनात आलं की अजून वेळ आहे, दोन ओळींचं काम आहे. या फाइलीपुरतं, कोणाकडेही असली तरी गंगारामकडे आहे असंच सांग, एवढं कोठीला शिकवायचं. सोनूबाई येईल, गळ बघेल, टोपली उचलून जाईल. उद्याही, पुढच्या वर्षीही. यंत्राला लबाड बोलायला शिकवणं अगदी सोपं असतं, माणसापेक्षा किती तरी सोपं. तिने बोटं बटणांवर ठेवली आणि काढली. नाही. शिवाला सांगते म्हटलं होतं. आणि बरंच झालं की नाव गेलं, आता सांगायला तोंड उघडावं लागणार नाही, सोनूबाई स्वतःच बघेल. तरी सत्यवतीने काय बोलायचं ते मनात जुळवलं. सोनूबाय, तो आता येणार नाही. मी काढून घेतली. आधी हे, मग तिचा हात धरायचा, खुर्चीत बसवायचं, रडली तर रडू द्यायचं, साहेबांना बाहेर थांबवायचं. पाणी भरून ठेवलं. खोलीत पाणी न्यायला बंदी होती तरी तांब्या आणून टेबलाखाली ठेवला. दुपार चढत गेली. कुठे कुकर वाजला, कुठे नारळ सोलल्याचा आवाज. ती तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत राहिली आणि दर वेळी ते अधिकाधिक दुसऱ्या कोणाचं वाटायला लागलं.

सोनूबाई आली. दारात थांबून तळवे पुसले. टोपलीत आज एक पुडकं होतं, ते तिने बाहेरच कट्ट्यावर ठेवलं. "बोंबील हायत, वले," म्हणाली, "जाताना घिऊन जा." मग येऊन नेहमीच्या जागी उभी राहिली. सत्यवतीने शेजारच्या पडद्यावर फाइल मागितली. एक अक्षर चुकलं, पुन्हा दाबलं. वाक्य आलं. सोनूबाई वाकली. मान जरा तिरपी करून, दूरचं शीड बघतात तसे डोळे बारीक करून तिने बघितलं.

"गळ नाय."

"नाही."

"ह्या त्याचं नाव नाय."

"नाही, सोनूबाय." आता. आता म्हणायचं. "हे माझं नाव आहे. ती फाइल आता माझ्याकडे आहे."

सोनूबाई सरळ झाली. सत्यवतीने तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि जे फुटायची ती वाट बघत होती ते फुटलं नाही. तिथे दुसरंच काहीतरी उजळत होतं, आधी डोळ्यांत, मग गालांच्या सुरकुत्यांत, हळूहळू, आणि ते थांबवायला सत्यवतीच्या हातात काही नव्हतं. सोनूबाई म्हणाली, "तुज्याकडं आली?"

"हो. म्हणजे मी..."

"त्याच्याकडं व्हती. नि आता तुज्याकडं." तिने हे बोटांवर मोजल्यासारखं म्हटलं. "म्हंजे त्यानं दिली."

"सोनूबाय, ऐका, तसं नाही..."

"तो ज्याचं त्याला दिल्याबिगर ऱ्हायचा नाय. ल्हानपनापास्नं तसाच." तिने पदराचा बोळा तोंडाशी नेला. "कदी आला व्हता गो?"

पलीकडे साहेब फोनवर हसले. मुंबईने होय म्हटलं असावं.

"आन् घरी नाय आला," सोनूबाई म्हणाली. आता तिचा आवाज बदलला. पहिल्यांदाच, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गालावरून उतरायला लागलं तरी तिने पुसलं नाही. "हय पातूर आला नि आयेला नाय भेटला. शिवावर रागावलाय काय? माज्यावर? मी काय केलं गो त्याचं?" तिने सत्यवतीचं मनगट धरलं. मिठाने चरचरीत झालेली, गार बोटं. ती ते सोडत नव्हती, तो येऊन गेला या एका गोष्टीला धरून उभी होती, आणि शिवा ज्या रडण्याची वाट बघत होता ते हेच रडणं होतं, फक्त भलत्याच कारणासाठी. "सांग ना, बाय. काय बोलला तो? काय तरी बोलला असंल ना?"

तिने जुळवून ठेवलेलं वाक्य होतं. तो आता येणार नाही. चार शब्द. सत्यवतीने तोंड उघडलं. सोनूबाई तिच्या ओठांकडे बघत होती.

"घाईत होता," सत्यवती म्हणाली.